संस्थेच्या जागेला वारस लावू नका : महसूल मंत्र्यांना खुलं पत्र

मा. महसूल मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

स. न. वि. वि.

कोल्हापूरजवळच्या एका गावच्या दूध संस्थेचा मी सचिव. संस्थेने डेअरीसाठी गावाच्या कडेला बिनशेती प्लॉट घेतला. पैसे सभासदांच्या दूधबिलातून कापलेले. खरेदीखतात 'संस्थेतर्फे चेअरमन' म्हणून तेव्हाच्या चेअरमनांचं नाव होतं. सातबाऱ्यावर मात्र भोगवटादार, म्हणजे जमीन धारण करणारे, म्हणून तेच चढले. ते वारले, घरच्यांनी वारस अर्ज दिला आणि त्यांच्या शेतीबरोबर आमची डेअरीही त्या फेरफारात, म्हणजे नोंदबदलात, वारसांच्या नावे गेली.

आता दूध थंड ठेवणाऱ्या बल्क कूलरसाठी कर्ज मागितलं, तर बँक म्हणते सगळ्या वारसांची हक्कसोडपत्रं आणा. लेकी सासरी, एक नातू अल्पवयीन. त्याच्यासाठी कोर्टाची परवानगी काढा. घरच्यांची तक्रार काहीच नाही. 'जागा संस्थेची' असं तेच सांगतात. तरी दप्तर हलत नाही.

साहेब, महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960 चं कलम 36 काय म्हणतं? नोंदणी झाली की संस्था स्वतःच कायद्याने व्यक्ती होते. स्वतःच्या नावाने मिळकत धरते, करार करते, दावा लावते, आणि माणसं बदलली तरी तिचं अस्तित्व अखंड राहतं. चेअरमन सही करतो तो संस्थेचा हात म्हणून. जी मरत नाही तिला वारस कुठून येणार? कोल्हापूर महानगरपालिका 1972 साली झाली. आयुक्त बदलले म्हणून तिच्या जागांचे फेरफार निघत नाहीत. देवस्थानच्या जमिनींबाबतही सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये सांगितलं, की मालक म्हणून देवाचं नाव लावा, पुजाऱ्याचं नको. मग दूध संस्थेलाच वेगळा न्याय का?

सगळ्यांना एकच नियम लावा, असं मी म्हणत नाही. 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदलेल्या मंडळांचं वेगळं आहे. तिथे विश्वस्त नसतील तर मिळकत कार्यकारी मंडळाकडे असल्याचं धरलं जातं. म्हणूनच तलाठ्यापुढे कागद आला की नोंदणी कोणत्या कायद्याखालची, हे आधी बघायला हवं. आज ते बघितलंच जात नाही. खाली सही कोणाची, त्याचं नाव वर.

आमच्या जिल्ह्यात दूध संस्था, विकास सेवा संस्था, पाणीपुरवठा संस्था गावोगाव आहेत. गरिबाचा पैसा त्यांच्या भिंतींत आहे. तो एका घराच्या वाटणीत अडकू देऊ नका.

एक परिपत्रक काढा. सहकारी संस्थेची जागा असेल तर भोगवटादाराच्या रकान्यात संस्थेचं पूर्ण नाव आणि नोंदणी क्रमांकच घ्यायचा. पदाधिकाऱ्याचं नाव तिथे घ्यायचं नाही. जुन्या नोंदी जमीन महसूल संहितेच्या कलम 155 खाली मूळ खरेदीखत आणि नोंदणी प्रमाणपत्र पाहून, वारसांना नोटीस देऊन तहसीलदारांनी दुरुस्त कराव्यात. वारसांची हरकत नसेल तिथे हक्कसोडपत्र मागू नये.

कागद आमच्याकडे तयार आहेत. बोलवाल तेव्हा घेऊन येतो.

आपला,
एका दूध संस्थेचा सचिव,
जि. कोल्हापूर