वॉर्डात येणाऱ्या स्वयंसेवकांवर लक्ष ठेवणारा माणूस द्या

प्रति,
मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : पुण्यातील सरकारी रुग्णालयांच्या बालरुग्ण विभागांसाठी स्वयंसेवक समन्वयक नेमण्याबाबत

माननीय महोदय,

सादर नमस्कार.

पुण्यात रुग्णसेवेसाठी माणसे कमी पडत नाहीत. गणेश मंडळे आहेत, ज्येष्ठ नागरिक संघ आहेत, राष्ट्रीय सेवा योजनेचे वर्षाचे १२० तास भरायला निघालेली महाविद्यालयीन मुले आहेत, शनिवारी हिंजवडी-खराडीहून गट करून येणारे कंपन्यांतले तरुण आहेत. कमी पडतो तो या सगळ्यांना दारातच थांबवून ‘तुम्ही कोण, आज सर्दी-खोकला आहे का, आणि आत जाऊन नेमके काय करणार?’ असे विचारणारा माणूस. बालरुग्ण, थॅलेसेमिया (शरीरात रक्त नीट न बनण्याचा जन्मजात आजार) आणि कर्करोग विभागांत काम करणारे आम्ही काही स्वयंसेवक हे पत्र तेवढ्यासाठीच लिहीत आहोत. आम्हाला मानधन नको, सत्कार नको. आम्हाला शिकवणारा, आमच्यावर लक्ष ठेवणारा आणि वेळ पडली तर आम्हाला घरी पाठवणारा एक पूर्णवेळ माणूस प्रत्येक मोठ्या सरकारी रुग्णालयात हवा.

याची गरज कुठे लागते ते सांगतो.

रक्ताच्या कर्करोगावर उपचार घेणाऱ्या मुलाच्या पांढऱ्या पेशी केमोथेरपीनंतर काही दिवसांनी तळाला जातात. त्यांतल्या जंतूंशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल पेशी मायक्रोलिटरमागे ५०० च्या खाली उतरल्या, की आपल्याला दोन दिवस त्रास देऊन जाणारी सर्दी त्या मुलाला अतिदक्षता विभागात पोचवू शकते. कांजिण्या तर त्याहून वाईट. लागण झाल्यापासून पुरळ दिसेपर्यंत १० ते २१ दिवस जातात, आणि पुरळ उठण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच माणूस इतरांना आजार देऊ लागतो. गोवरात हा काळ चार दिवसांचा असतो. म्हणून दारात ‘ताप आहे का?’ एवढे विचारून भागत नाही. ‘गेल्या तीन आठवड्यांत घरात, वर्गात, शेजारी कुणाला कांजिण्या किंवा गोवर आला होता का?’ असे विचारावे लागते. उत्तर ‘हो’ आले, आणि त्या स्वयंसेवकाला तो आजार पूर्वी होऊन गेलेला नसेल किंवा लशीचे दोन डोस झालेले नसतील, तर तीन आठवडे त्याने वॉर्डात पाऊल टाकायचे नाही. हे विचारायला दोन मिनिटे पुरतात. पण आज ते कुणाच्याच कामात बसत नाही. सिस्टर सलाइन आणि इंजेक्शनांत गुंतलेल्या असतात, निवासी डॉक्टर राउंडमध्ये असतात आणि दारावरचा सुरक्षारक्षक फक्त पास बघतो.

हात धुण्याचेही तसेच. अंगठी, घड्याळ, बांगड्या आणि मनगटावरचा धागा काढून साबण-पाण्याने ४० ते ६० सेकंद. हात दिसायला स्वच्छ असतील तर अल्कोहोलच्या द्रावणाने २० ते ३० सेकंद, आणि ते वाळेपर्यंत चोळत राहायचे, पदराला किंवा रुमालाला पुसायचे नाही. एका खाटेवरून दुसऱ्या खाटेकडे जाताना पुन्हा तेच. नवसाचा धागा काढायला बरेच जण तयार होत नाहीत. त्यांच्या श्रद्धेशी वाद घालू नये, त्यांना वॉर्डाबाहेरचे काम द्यावे. तिथे कामाला तोटा नाही, त्याबद्दल पुढे लिहितो.

भेट म्हणून येणाऱ्या वस्तूंत मऊ अस्वले आणि बाहुल्या भरपूर असतात. अशा वॉर्डात सगळ्यात गैरसोयीच्या त्याच, कारण कापूस भरलेले खेळणे रोज धुता येत नाही, आणि एका मुलाची लाळ लागलेले अस्वल तासाभरात चौथ्या मुलाच्या कुशीत असते. वॉर्डात सामाईक वापराला धुता येण्यासारखी प्लास्टिकची खेळणीच हवीत. ती आधी साबणाने धुवायची, कारण मळ राहिला तर जंतुनाशकातले क्लोरीन त्या मळावरच खर्च होते. मग सोडियम हायपोक्लोराइटच्या (ब्लीचच्या) ०.१ टक्का द्रावणात १० मिनिटे बुडवायची. बाजारातली बाटली ५ टक्क्यांची असेल तर २० मिली औषध आणि एक लिटर भरेपर्यंत पाणी. शेवटी साध्या पाण्याने खळखळून उन्हात वाळवायची. द्रावण रोज नवे करायचे, आणि फरशी-संडासाच्या अ‍ॅसिडमध्ये ते कधीही मिसळायचे नाही, विषारी वायू निघतो. पुठ्ठ्याची कोडी, चित्रांची वही, खडूची १२ रंगांची पेटी या गोष्टी मात्र ज्याच्या त्याला द्याव्यात आणि त्याने घरी न्याव्यात. फुले आणि कुंड्या नकोत. फुलदाणीतल्या पाण्यात जंतू वाढतात आणि मातीत बुरशी असते. फुगा फुटला तर त्याचा तुकडा लहान मुलाच्या घशात अडकू शकतो. केमोथेरपीने तोंड आलेल्या मुलाला चिवडा गिळता येत नाही, आणि शेजारच्या खाटेवरचा, तपासणीसाठी उपाशी ठेवलेला मुलगा केककडे बघत राहतो. खाऊ वाटायचाच असेल तर आधी सिस्टरांकडून खाटेनिहाय यादी घ्यावी लागते. घाईत आलेला गट ती घेत नाही, आणि ‘घ्या’ म्हणून सांगणाराही कुणी नसतो.

आता वॉर्डाबाहेरचे काम. मदतीची खरी निकड बाह्यरुग्ण विभागात असते, सोमवार ते शनिवार, सकाळी. स्वयंसेवक येतात रविवारी, तेव्हा ओपीडी बंद असते. करमाळ्याहून किंवा भूमहून मुलाला कडेवर घेऊन एकटी आलेली आई आधी केसपेपरच्या रांगेत उभी राहते, मग डॉक्टरांच्या, मग रक्त देण्याच्या, मग औषधांच्या. मुलाला सलाइन लावलेले असेल तर तिला खाली जाऊन औषध आणता येत नाही. सिस्टरांना सांगून, आईसमोर ओळख करून देऊन, दोन स्वयंसेवकांनी त्या खाटेपाशी अर्धा तास बसणे ही वाटते त्याहून मोठी मदत आहे. दुसरी मदत कागदपत्रांची. मोफत उपचारांच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठी रुग्णालयात मदतीला आरोग्यमित्र असतात, पण अडते ते त्यांच्याकडे पोचण्याआधीच. शिधापत्रिकेत मुलाचे नाव चढवलेले नसते. आधारवर वडिलांचे नाव एका प्रकारे लिहिलेले असते आणि शिधापत्रिकेवर दुसऱ्या. ऊसतोडणीच्या हंगामात माणसे इकडे आणि कागद गावी. पहिल्याच दिवशी कुणी बसून ‘जन्मदाखला, शिधापत्रिका, आधार, आधीचे सगळे रिपोर्ट, प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स’ एवढे मोठ्या अक्षरात लिहून दिले तरी गावचा एक हेलपाटा वाचतो. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी राखीव असतात, हेही अनेकांना कुणी सांगितलेले नसते. या कामाला बँकेतून, टपाल खात्यातून निवृत्त झालेली माणसे उत्तम. त्यांना अर्ज वाचायची सवय असते आणि सकाळी १० वाजता ती मोकळी असतात. पुण्यात अशी माणसे पेठापेठांत आहेत. त्यांना बोलावणारा कुणी नाही.

रक्ताबद्दल आपल्याला थेट लिहितो, कारण त्यात आपण आणि आपले सहकारी उद्यापासून बदल करू शकता. थॅलेसेमियाच्या मुलांना दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावे लागते, आयुष्यभर. लाल पेशी ३५ ते ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट्स (रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी) फक्त पाच. एखाद्या नेत्याच्या वाढदिवशी एकाच दिवसात ३०० पिशव्या जमल्या, की फोटो मोठा येतो. पण त्यांतल्या प्लेटलेट्सची मुदत आठवड्याच्या आत संपते, आणि ते सगळेच्या सगळे पुरुष रक्तदाते तीन महिने आणि महिला रक्तदात्या चार महिने पुन्हा रक्त देऊ शकत नाहीत. पुढे मे महिन्यात महाविद्यालये बंद, लोक गावाला, आणि मुलांची पालक मंडळी रक्तपेढीच्या खिडकीशी. तेच ३०० दाते ५०-५० च्या सहा गटांत विभागून दर पंधरा दिवसांनी एक गट बोलावला, तर सहावा गट होईपर्यंत पहिल्या गटाची पाळी पुन्हा जवळ आलेली असते. फक्त तारखा बदलायच्या आहेत.

एकाच दात्याकडून यंत्राने घेतलेल्या प्लेटलेट्ससाठी वेगळी यादी हवी. त्याला तास-दीड तास बसावे लागते, तीन दिवस आधीपासून अ‍ॅस्पिरिन चालत नाही. दोन वेळांत किमान ४८ तासांचे अंतर, आठवड्यात दोनदापेक्षा जास्त नाही आणि वर्षात २४ वेळांपेक्षा जास्त नाही. प्रत्येक विभागाकडे रक्तगटानुसार वीस-पंचवीस तपासलेल्या दात्यांची नावे असावीत आणि पाळीपाळीने फोन जावा. आज त्याऐवजी व्हॉट्सअ‍ॅपवर आई-वडिलांच्या नंबरासकट ‘तातडीने हवे’ असा संदेश फिरतो. त्यावर ना तारीख असते ना रुग्णालयाचा शिक्का. मूल बरे होऊन घरी गेले तरी तो फिरत राहतो. मूल गेले तरी फिरत राहतो, आणि त्या आईचा फोन पुढचे कित्येक महिने वाजत राहतो. संदेशावर समन्वयकाचा नंबर आणि तारीख असावी, आणि गरज भागली की त्याच दिवशी ‘मिळाले’ असा दुसरा संदेश जावा.

मुलांच्या सुरक्षिततेचा मुद्दा आम्हाला सगळ्यात जास्त बोचतो. पुण्यात ससून आपल्या खात्याकडे, औंधचे जिल्हा रुग्णालय सार्वजनिक आरोग्य खात्याकडे, कमला नेहरू रुग्णालय महापालिकेकडे, आणि विश्वस्त संस्थांची रुग्णालये धर्मादाय आयुक्तांच्या देखरेखीखाली. स्वयंसेवकांची सामाईक नोंद नसेल, तर एका ठिकाणी गैरवर्तनामुळे बंद केलेला माणूस पुढच्या महिन्यात दुसऱ्या ठिकाणी खेळणी घेऊन उभा राहू शकतो. पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी झाल्याशिवाय कुणालाही ओळखपत्र देऊ नये. कुणीही मुलाबरोबर एकटे थांबू नये. नेहमी दोन मोठी माणसे, दार उघडे, सिस्टरांच्या नजरेच्या टप्प्यात. मुलाला वॉर्डाबाहेर किंवा स्वच्छतागृहात स्वयंसेवकाने न्यायचे नाही, मोबाइल नंबर द्यायचा नाही, पैसे द्यायचे नाहीत, फोटो काढायचा नाही. पालक ‘काढा’ म्हणाले तरी नाही, कारण उपचारांसाठी हात पसरलेल्या माणसाला ‘नको’ म्हणणे जड जाते. लैंगिक अत्याचाराची शंका आली तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार ती पोलिसांना कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. मुलांसाठीच्या १०९८ या मदत क्रमांकावरही मदत मिळते. स्वयंसेवकांना हे माहीत नसते, म्हणून ते ‘उगाच कुणाचे नाव कशाला’ म्हणून गप्प बसतात.

आणि आमच्यापैकी कुणाला सुई टोचली तर? गादीखाली राहिलेली सुई चादर सरळ करताना टोचते. साबण आणि वाहत्या पाण्याने धुवायचे, दाबून रक्त काढायचे नाही, लगेच कळवायचे. एचआयव्ही प्रतिबंधाची गोळी शक्यतो दोन तासांत आणि ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागते. कर्मचाऱ्याला कुठे जायचे ते माहीत असते. स्वयंसेवकाचे नाव कुठल्याच हजेरीपटावर नसते, त्यामुळे तो घाबरून घरी जातो आणि वेळ हातची जाते.

मागणी अशी की, शासन निर्णय काढून प्रत्येक सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात समाजसेवा अधीक्षकांच्या हाताखाली एक स्वयंसेवक समन्वयक नेमावा. समाजसेवा अधीक्षकांच्याच गळ्यात हे काम अतिरिक्त म्हणून घालू नये, ते आधीच पुरते अडकलेले असतात. समन्वयकाची वेळ सोमवार ते शनिवार, सकाळी ८ ते ४. त्याच्याकडे एक टेबल, कुलपाचे कपाट, नोंदवही, आणि नको त्या माणसाला नाही म्हणण्याचा लेखी अधिकार. दोन दिवसांच्या प्रशिक्षणाशिवाय वॉर्डात प्रवेश नको. ओळखपत्र सहा महिन्यांचे. आठवड्यातून एक ठरलेला दिवस, तीन तास, किमान तीन महिने एवढे कबूल करणाऱ्यालाच मुलांबरोबरचे काम द्यावे, कारण मंगळवारी गोष्ट सांगणारी ताई आली नाही तर तिची वाट बघणारे मूल दुपारी जेवत नाही. बाकीच्यांना रक्त, कागदपत्रे, खेळणी धुणे. एका वॉर्डात एका वेळी चारपेक्षा जास्त स्वयंसेवक नकोत, मग ते कुणाच्याही शिफारशीने आलेले असोत. सार्वजनिक आरोग्य खाते, महापालिका आणि धर्मादाय आयुक्त यांच्याशी बोलून शहरासाठी एकच नोंद करावी.

नावनोंदणीचा अर्ज, लसीकरण आणि आजारपणाची प्रश्नावली, आचारनियम आणि रक्तदात्यांच्या यादीचा नमुना आम्ही मराठीत तयार केला आहे. सगळी मिळून ११ पाने आहेत. अधिष्ठाता बोलावतील त्या दिवशी आम्ही ती घेऊन येऊ. फक्त सोमवारची सकाळ नको, तेव्हा ओपीडीत गर्दी असते आणि आमची तिथे गरज असते.

आपले नम्र,
पुण्यातील रुग्णालयांत काम करणारे काही स्वयंसेवक

प्रत माहितीसाठी : मा. आयुक्त, पुणे महानगरपालिका