स्वीट पी हे आपल्याकडे रब्बीचे फूल

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीतील बागकामाच्या सदरात स्वीट पीच्या वार्षिक आणि बहुवर्षायू अशा दोन्ही प्रकारांची ओळख करून देऊन, घरच्या बागेसाठी ‘एकदा लावला की वर्षानुवर्षे फुलणारा’ म्हणून बहुवर्षायू प्रकाराची शिफारस केली होती आणि पेरणीसाठी मार्च-एप्रिल हे महिने सुचवले होते. इंग्लंडमधील वाचकाला हा सल्ला उपयोगी पडेल. पुणे, नाशिक किंवा छत्रपती संभाजीनगरच्या वाचकाचे मात्र त्यामुळे बियाणे आणि वर्ष दोन्ही वाया जाईल, म्हणून हे पत्र.

बहुवर्षायू स्वीट पी, म्हणजे लॅथिरस लॅटिफोलियस, ही थंड हिवाळ्याच्या प्रदेशातील वेल आहे. थंडीत तिचा जमिनीवरचा भाग वाळून जातो, मांसल मुळे जमिनीखाली विश्रांती घेतात आणि ऊन वाढू लागले की पुन्हा कोंब येतात. आपल्या पठारावर तिला ही विश्रांती मिळत नाही, आणि जून ते सप्टेंबर ओल्या राहणाऱ्या काळ्या मातीत तिची मुळे कुजण्याचीच भीती अधिक. शिवाय तिच्या फुलांना वास जवळजवळ नसतोच. सुगंधासाठीच जे फूल लावायचे, त्याची बिनवासाची बहीण चार महिने पाऊस झेलत कशासाठी सांभाळावी, हे मला उमगलेले नाही. अमेरिकेत ही वेल बागेबाहेर पडून रस्त्यांच्या कडेने रानटी वाढते. तिथे राहणाऱ्या आपल्या नातलगांनी पाठवलेल्या छायाचित्रांतील गुलाबी झुबके बहुधा तिचेच असतात.

सुगंधी, वार्षिक स्वीट पी म्हणजे लॅथिरस ओडोराटस. तिचे मूळ सिसिली आणि दक्षिण इटलीत आहे. सिसिलीतील फ्रान्चेस्को कुपानी या धर्मगुरूने 1699 मध्ये तिचे बी इंग्लंडला पाठवले आणि तिथून तिची ख्याती झाली. त्यामुळे तिच्या लागवडीची पुस्तकेही इंग्लंडचीच. परंतु मूळ ठिकाणी ही वनस्पती शरदातल्या पावसावर उगवते, सौम्य हिवाळ्यात वाढते, वसंतात फुलते आणि कडक उन्हाळा लागण्यापूर्वी बी धरून मरते. हरभऱ्याचे वेळापत्रक ज्याला ठाऊक आहे, त्याला यापेक्षा अधिक सांगायला नको. पेरणी नवरात्राचे घट उठल्यापासून दिवाळीपर्यंत उरकावी. त्याआधी परतीच्या पावसात बी कुजते, आणि फार उशीर झाला तर फुलण्याच्या ऐन वेळी पारा तिशीपार जाऊन कळ्या गळतात.

जातीची निवड हा यातला सर्वांत दुर्लक्षित मुद्दा आहे. स्वीट पीचे फुलणे दिवसाच्या लांबीवर अवलंबून असते. मोठ्या, लहरदार पाकळ्यांच्या प्रसिद्ध स्पेन्सर जातींना सुमारे 12 तासांचा दिवस लागतो आणि पुण्यात तो मार्चच्या मध्याला येतो, म्हणजे उन्हाळा दारात उभा असताना. उलट आपल्याकडे डिसेंबरातला सर्वांत लहान दिवसही जवळपास 11 तासांचा असल्याने, 10 ते 11 तासांच्या दिवसात फुलणाऱ्या ‘विंटर एलिगन्स’, ‘स्प्रिंग सनशाइन’ यांसारख्या लवकर फुलणाऱ्या गटांतील जाती जानेवारीतच बहरू शकतात. दुर्दैवाने रोपवाटिकांत मिळणाऱ्या पाकिटांवर रंगीत चित्र असते, पण गटाचे नाव नसते. मी एका विक्रेत्याला हा प्रश्न केला, तेव्हा ‘मिक्स आहे, सगळे येते’ असे उत्तर मिळाले.

बियांचे कवच टणक असते. रात्रभर पाण्यात भिजवूनही जे दाणे फुगत नाहीत, त्यांच्या डोळ्याच्या विरुद्ध बाजूला नेलकटरने किंचित टवका काढला की ते पाणी पितात. गादीवाफ्यावर किंवा निदान फूटभर खोल कुंडीत, कुजलेले शेणखत मिसळून, इंचभर खोलीवर बी टोचावे. युरिया अजिबात देऊ नये. हे शेंगवर्गीय झाड असल्याने मुळांवरील गाठींतील जिवाणू नत्राची सोय करतात, आणि वरून नत्र घातले तर पाला माजतो, फूल येत नाही. मटार-मसूर गटाचे रायझोबियम, म्हणजे हेच जिवाणू, बियांना चोळता आले तर उत्तम. रोप चार-पाच इंचांचे झाले की शेंडा खुडावा, म्हणजे बुडातून जोमदार फुटवे येतात. पाणी वापसा पाहून, बुडाशी आणि सकाळी द्यावे.

आधाराबाबत सदरातील छायाचित्रात जाड बांबू दाखवला होता. या वेलीचे तणावे म्हणजे पानाचीच रूपांतरित टोके. ती सुतळीला, काडीला तासाभरात विळखा घालू लागतात, पण मनगटाएवढ्या बांबूभोवती त्यांना वळता येत नाही आणि वेल घसरून खाली बसते. बांबूला सुतळीची जाळी बांधावी, किंवा शेतातून तुराट्या, पऱ्हाट्या आणता आल्या तर त्याच रोवाव्यात. त्यांच्या बारीक फांद्यांसारखा आधार बाजारात मिळत नाही. मावा आणि फेब्रुवारीत येणारी भुरी यांवर लक्ष ठेवावे लागते, हे घेवडा लावणाऱ्यांना सांगायला नको.

फुले एकदिवसाआड कापून घरात आणलीच पाहिजेत. दोन-चार शेंगा धरू दिल्या की वेलीचे काम संपते आणि कळ्या थांबतात. होळीच्या सुमारास वेल वाळू लागली की ती उपटण्याऐवजी जमिनीलगत कापावी, म्हणजे मुळांतील नत्र मातीत राहून पुढच्या भाजीला मिळते.

सदरात सर्वांत आधी यायला हवी होती आणि आलीच नाही अशी एक गोष्ट म्हणजे स्वीट पीच्या शेंगा व बिया विषारी असतात. त्या मटारासारख्या दिसतात आणि घरात मटार सोलले जात असतात त्याच दिवसांत परसात धरतात. भंडारा-गोंदियाकडील लाखोळी ही याच कुळातील. तिच्या अतिसेवनाने पाय लुळे पडतात हे विदर्भाला ठाऊक आहे. स्वीट पीतील विष वेगळे असून प्रयोगातील प्राण्यांत त्याने हाडे आणि संयोजी ऊती दुबळ्या झाल्याचे आढळले आहे. ज्या घरात लहान मुले आहेत, तिथे शेंगा दिसताक्षणी खुडून टाकाव्यात आणि पुढच्या वर्षासाठी राखलेले बी स्वयंपाकघरातील डब्यांच्या जवळपासही ठेवू नये. येत्या रविवारच्या सदरात पेरणीच्या महिन्यांच्या दुरुस्तीबरोबर ही सूचनाही ठळकपणे छापावी, ही विनंती.

आपला नियमित वाचक,
पुणे