फिजिओथेरपीच्या ताईंना

ताई,

तुमच्या हाताखालून कितीतरी पेशंट जातात. पण तळोद्याकडची सिकलची पोरगी, उजवी बाजू गेलेली, एवढं सांगितलं तरी तुम्हाला आठवेल.

आधीचं बोलून घेतो, राग अजून गेलेला नाही. पोरगी सिकलची आहे, म्हणजे तिला आईबापाकडून आलेला सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे, हे ती रांगत होती तेव्हापासून ठाऊक. हातपाय दुखले की सलाईन, फॉलिक ॲसिडच्या गोळ्या, 'पाणी भरपूर पाजा', झालं. या आजारात मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्याही अरुंद होतात, दोन वर्षांपुढच्या अशा मुलांची डोक्याची डॉप्लर सोनोग्राफी दरवर्षी करायची असते, रक्ताचा वेग सेकंदाला 200 सेंटिमीटरपर्यंत गेला तर नियमित रक्त देऊन लकव्याचे बहुतेक झटके टाळता येतात, हे आम्हाला कुणी म्हणता कुणी सांगितलं नाही. 1998 पासून सिद्ध झालेली गोष्ट! आणि त्या सकाळी तोंड वाकडं झालं, हातातली वाटी पडली, तेव्हा जवळच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, "एवढ्याशा पोराला कुठे लकवा होतो? शाळा बुडवायची नाटकं."

पुढे धुळ्याला रक्त बदललं, जीव वाचला. मग तुम्ही भेटलात.

चांगला हात बांधून ठेवायचा, म्हणजे दुबळ्याला काम करावंच लागतं, असं तुम्ही समजावलंत. पोरीने आकांत मांडला. तुम्ही गळ्यातली ओढणी काढून बायकोच्या हातात दिलीत, स्वतःचा डावा हात पोटाशी बांधून घेतलात आणि पोरीसमोर मांडी घातलीत. मध्ये भुईमुगाच्या शेंगा. तुमची पहिली शेंग निसटून पलंगाखाली गेली. पोरगी रडता रडता हसली, "तुला पण येत नाही!" दुसरीही सुटली. सुटली की सोडलीत, ते विचारत नाही. बाहेर रांग वाढत होती, दारातून कुणी ओरडून गेलं, तुम्ही मान वर केली नाहीत. शेवटी तिने अंगठ्याखाली एक शेंग फरशीवर दाबली. टरफल तडकलं. दाणा तिने तुमच्या तोंडात घातला.

आमच्या अक्कलकुवा-धडगावच्या पट्ट्यातून कुणी दवाखान्यात आलं की पहिलं वाक्य ऐकू येतं, 'उशीर का केला?' तुम्ही पोरीला विचारलंत, 'जेवलीस का?' माणुसकीला मोठी डिग्री लागत नसावी, कारण मोठ्या डिग्रीवाले आम्ही आधी पाहिले होते.

आता दर महिन्याला रक्त चढवतो. थांबवलं तर झटका पुन्हा येण्याची भीती मोठी. त्याने अंगात लोह साचतं, त्याचंही औषध चालू आहे. पळताना उजवा पाय अजून घासतो. शर्टाचं बटण स्वतः लावते, वेळ लागतो. घाई आम्हाला असते, तिला नाही.

एक विनंती. तुमच्या खोलीबाहेर आमच्यासारखे गोंधळलेले आईबाप दिसले तर माझा नंबर द्या. रक्तासाठी कुणाला गाठायचं, कुठली एस.टी. धरायची, सगळं सांगेन. मुख्य म्हणजे, धाकट्या भावंडांची तपासणी आजच करून घ्या, हे सांगेन.

तुमच्या पेशंटचे बाबा