सूचना : सहा-सात वर्षांच्या मुलांनापण रविवारी आणा
पालक मंडळी, येत्या रविवारी सकाळी १० ला सोसायटीच्या हॉलमध्ये ऑर्थोडॉन्टिस्ट येणारेत, म्हणजे तारा लावणारे डॉक्टर, पण आतापर्यंत फक्त मोठ्या मुलांचीच नावं आलीत म्हणून परत सांगतेय. "दुधाचे सगळे दात पडू देत, मग बघू" हे आपल्याकडे ठरलेलं उत्तर. पण अमेरिकेतली ऑर्थोडॉन्टिस्टांची संघटनासुद्धा पहिली तपासणी वयाच्या ७ वर्षांपर्यंत करा म्हणते, कारण तोवर पहिल्या पक्क्या दाढा आणि पुढचे काही पक्के दात आलेले असतात, जबडा कसा वाढतोय ते कळतं. तपासणी म्हणजे लगेच तारा नाही हां, बऱ्याच जणांना नुसतं अधूनमधून दाखवत राहा एवढंच सांगतात.

घरी एक करा, मुलाला दाढा मिटायला सांगून गाल जरा बाजूला ओढून बघा, वरच्या दाढा खालच्यांच्या आत बसत असतील, एका बाजूला का होईना, तर दाखवाच, वरचा जबडा लहानपणी रुंद करणं सोपं, नंतर अवघड. अंगठा चोखणं, तोंड उघडं टाकून झोपणं हेपण डॉक्टरांना सांगा. किडलेली दुधाची दाढ लवकर काढली असेल तर स्पेस मेंटेनरचं, म्हणजे पडलेल्या दाढेची जागा धरून ठेवणाऱ्या साधनाचं विचारा, नाहीतर मागची दाढ पुढे सरकते आणि खालून येणाऱ्या दाताला जागाच उरत नाही.

रविवारी जमत नसेल तर मुंबई सेंट्रलचं नायर डेंटल किंवा सीएसएमटीजवळचं सरकारी डेंटल कॉलेज आहेच, केसपेपरला सकाळी लवकर जा.

नावं शनिवार रात्रीपर्यंत इथेच टाका, मुलाच्या वयासकट, नुसता अंगठा नको प्लीज.