निर्बंध उठले, पण शाखेतल्या पडद्यावर सीरिया अजून लालच

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

सीरियावर निर्बंध घालणारा अमेरिकेचा ‘सीझर कायदा’ डिसेंबर 2025 मध्ये रद्द झाल्याची बातमी आपल्या अंकात आतल्या पानावर चार ओळींत वाचली. जागेची अडचण मी समजू शकतो. पण आमच्या शेजारच्या इमारतीत एक सीरियन मुलगा भाड्याने राहतो, इथल्याच एका महाविद्यालयात शिकतो. त्याला ती बातमी वाचून दाखवली, तर तो एवढंच म्हणाला, ‘‘अंकल, आता तरी?’’ बँकेत उभा जन्म गेला माझा, त्यातली शेवटची चौदा वर्षं परकीय चलनाच्या टेबलावर. तरी मला त्याला छातीठोकपणे ‘हो’ म्हणता आलं नाही. म्हणून हे पत्र, आणि ते जरा लांबलं आहे.

हा मुलगा सीरियातल्या होम्स शहराचा. वडील तिथेच आहेत. ते थेट पैसे पाठवू शकत नव्हते, म्हणून शारजातल्या मामाकडून फी यायची. एकदा ती अडकली. शाखेचं म्हणणं, मामा हा मामाच आहे कशावरून? आईचं लग्नाआधीचं आडनाव, तिचा जन्मदाखला, मामाचा पासपोर्ट, सगळं अरबीतून भाषांतर करून, नोटरी करून आणा. युद्धात घर पडलेल्या बाईने जन्मदाखला कुठून आणायचा? दीड महिना गेला, वर महाविद्यालयाने विलंब शुल्क लावलं. हे सगळं सीरियातून नव्हे, शारजातून येणाऱ्या पैशांच्या बाबतीत. कारण मुलाच्या पासपोर्टवर जन्मस्थान होम्स.

त्या शाखेतल्या पोराला मी दोष देणार नाही, कारण मी स्वतः असे पैसे अडवले आहेत. पडद्यावर नाव टाकलं, की यंत्रणा जगभरच्या याद्यांशी ताडून पाहते. ‘दमास्कस’ शब्द आला की ‘हिट’, म्हणजे यादीशी जुळलं, पडदा लाल. मग कम्प्लायन्सला, म्हणजे नियमपालन तपासणाऱ्या विभागाला मेल, त्यांचं उत्तर येईपर्यंत व्यवहार टांगलेला. खरं तर भारताने स्वतःहून सीरियावर आर्थिक निर्बंध घातलेच नव्हते. दमास्कसमधली आपली वकिलात युद्धभर चालू होती. पण डॉलरचा व्यवहार न्यूयॉर्कमार्गे जातो आणि तिथला नियम मग आपल्या गल्लीतल्या शाखेलाही लागतो. 2014 मध्ये फ्रान्सच्या बीएनपी पारिबा बँकेला सुदान, इराण, क्यूबाशी केलेल्या व्यवहारांपायी जवळपास 9 अब्ज डॉलरचा दंड बसला. त्यानंतर आम्हा लोकांचं एकच सूत्र ठरलं: शंका आली की नाही म्हणा. नाही म्हटल्याबद्दल कुणाची बढती अडकत नाही.

औषधं आणि अन्नधान्य निर्बंधांतून वगळलेलंच होतं, असं कुणी म्हणेल. होतं, कागदावर. त्या औषधाचे पैसे पोचवणार कोण? फेब्रुवारी 2023 च्या भूकंपानंतर अमेरिकेने मदतीच्या व्यवहारांना 180 दिवसांची खास सवलत दिली. भारतानेही ‘ऑपरेशन दोस्त’खाली तुर्कस्तानबरोबर सीरियाला मदत पाठवली. विमानातून खोकी उतरली, त्यात अडचण आली नाही. पण नात्यातल्या माणसाला शंभर डॉलर पाठवायचे म्हटलं, की पडदा लालच.

या 180 दिवसांच्या आकड्याचं मला विशेष कुतूहल आहे. 8 डिसेंबर 2024 ला सीरियाचा सत्ताधीश बशर अल-असद पळून गेला. 13 मे 2025 ला रियाधमध्ये ट्रम्प यांनी निर्बंध उठवण्याची घोषणा केली. महिनाअखेरीस युरोपीय महासंघानेही आपले आर्थिक निर्बंध काढले, आणि 30 जूनला अमेरिकेचा निर्बंधांचा मूळ कार्यक्रम संपवणारा आदेश निघाला. वाचणाऱ्याला वाटणार, झालं. पण सीझर कायदा हा संसदेचा. 2019 चा, 2020 च्या जूनपासून लागू. बांधकामात किंवा तेल-वायूच्या धंद्यात हात घातला तर तिसऱ्या देशाच्या कंपनीलाही तो पकडणार. राष्ट्राध्यक्ष तो फक्त स्थगित ठेवू शकत होते, तेही 180 दिवसांपुरता. मे महिन्यात एकदा, नोव्हेंबरमध्ये पुन्हा. जागतिक बँकेच्या अंदाजाने सीरियाच्या पुनर्बांधणीला 216 अब्ज डॉलर लागतील. असं काम सहा महिन्यांच्या परवानगीवर उभं करा म्हणणं म्हणजे अकरा महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्याला ‘गच्चीवर स्लॅब टाकून घ्या’ म्हणण्यासारखं आहे. वीजकेंद्राला कर्ज देणारी बँक पंधरा वर्षांचा हिशेब मांडते. त्या कागदावर सहाव्या महिन्यात काय होईल कुणास ठाऊक, असं लिहून सही कोण करणार?

डिसेंबरात तो कायदा गेला, हे म्हणूनच महत्त्वाचं. तरी पूर्ण सुटका नाही. तिथल्या परिस्थितीचा अहवाल ठरावीक मुदतीने संसदेला द्यायचा, अशी अट मागे राहिली आहे. आणि 1979 पासून ‘दहशतवादाला आश्रय देणारा देश’ म्हणून सीरियाचं नाव ज्या यादीत आहे, तिच्यात ते कायदा रद्द झाला त्या दिवशीही होतंच. आमच्यासारख्या बँकवाल्याला दार बंद ठेवायला एवढं कारण पुरतं.

निर्बंध उठवू नयेत म्हणणाऱ्यांना मी वेड्यात काढत नाही. नवे अध्यक्ष अहमद अल-शरा यांच्या डोक्यावर डिसेंबर 2024 पर्यंत अमेरिकेचंच एक कोटी डॉलरचं इनाम होतं. सुरक्षा परिषदेने निर्बंधांच्या यादीतून त्यांचं नाव काढलं ते 6 नोव्हेंबर 2025 ला, आणि चारच दिवसांनी ते व्हाइट हाउसमध्ये पाहुणे! त्याच वर्षी मार्चमध्ये किनारपट्टीवर अल्पसंख्य अलवी समाजाच्या कत्तली झाल्या, जुलैत दक्षिणेकडच्या स्वेदात द्रूझ या दुसऱ्या अल्पसंख्य समाजावर बेतलं. ज्याच्यावरून त्या कायद्याला नाव मिळालं, त्या ‘सीझर’ने असदच्या कोठड्यांतल्या मृतदेहांची हजारो छायाचित्रं जिवावर उदार होऊन बाहेर आणली होती. ती विसरा असं कोण म्हणेल? पण त्या कोठड्या चालवणाऱ्यांची नावं आहेत, त्यांची खाती आहेत. ती गोठवून ठेवा की. असद आणि त्याच्या माणसांवरचे निर्बंध अमेरिकेने जूनच्या आदेशातही ठेवलेच आहेत. देशभरच्या लोकांना धरून ठेवलं तर सुक्याबरोबर ओलं जळतं. युद्धाआधी एका डॉलरला पन्नासेक सीरियन पौंड पडायचे, असद गेला तेव्हा हजारोंनी मोजावे लागत होते. ती झळ असदच्या राजवाड्याला लागलेली नव्हती.

आपल्याकडचीच गोष्ट पाहा. पोखरणनंतर, मे 1998 मध्ये, अमेरिकेने आपल्यावर निर्बंध घातले. सप्टेंबर 2001 मध्ये बुश यांनी ते उठवले, पेढे वाटून झाले. पण तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राचं नाव अमेरिकी निर्यात-बंदीच्या यादीतून निघायला जानेवारी 2025 उजाडलं! आपण एवढा मोठा देश, मित्रदेश, अणुकरार झालेला, तरी ही तऱ्हा. इराकचंही तेच. 1990 चे व्यापारी निर्बंध 2003 मध्ये गेले, पण कुवेतच्या नुकसानभरपाईपोटी इराकच्या तेलाच्या पैशातून होणारी वजावट चालू राहिली. 52.4 अब्ज डॉलर चुकते होऊन खातं बंद झालं ते 2022 मध्ये.

तेव्हा माझी विनंती वॉशिंग्टनला नाही, तिथे माझं कोण ऐकतं! ती आपल्या रिझर्व्ह बँकेला आणि बँकांच्या मुख्यालयांना आहे. सीरियाच्या बाबतीत आता काय चालतं आणि काय नाही, याचं एका पानाचं परिपत्रक शाखेपर्यंत जाऊ द्या. विद्यार्थ्याची फी, घरखर्च, दवाखान्याचं बिल, अमुक रकमेपर्यंत शाखेनेच सोडावं, कम्प्लायन्सला विचारू नये, अशा भाषेत. नकार द्यायचाच असेल तर कोणत्या नियमाने, ते ग्राहकाला लेखी द्यावं. लेखी द्यायची वेळ आली की निम्मे नकार गळून पडतात, हा अनुभव मी टेबलाच्या त्या बाजूला बसून घेतलेला आहे.

गेल्या उन्हाळ्यात कुणीतरी गावाकडून येताना या मुलासाठी अलेप्पोचा साबण आणला, त्यातली एक वडी त्याने मला दिली. बाहेरून मातकट, कापली तर आत हिरवीगार, ऑलिव्ह आणि लॉरेलच्या तेलाची. आमच्या हिला वासच आवडला नाही, मी मात्र वापरतो. असा साबण पुण्यातल्या एखाद्या दुकानदाराने मागवायचा म्हटलं तर आज ते बेकायदा नाही. पैसे कसे पाठवायचे, एवढंच त्याला कुणी सांगणार नाही.

पुढच्या महिन्यात मुलाच्या शेवटच्या सत्राची फी आहे. मामाच्या पासपोर्टची प्रत आत्ताच मागवून ठेव, असं मी त्याला सांगितलं आहे.

आपला,
एक निवृत्त बँक अधिकारी, पुणे