सूचना : रविवारचं कथावाचन, विषय 'ओसाड अंतराळस्थानक'

सभासद मित्रमैत्रिणींनो, नमस्कार.

येत्या रविवारी सकाळी साडेदहाला दादरला नेहमीच्या जागी आपलं विज्ञानकथावाचन आहे. विषय ठरलेलाच : ओसाड अंतराळस्थानकात भंगार शोधायला शिरलेला एकटा माणूस. मेगाब्लॉकचं वेळापत्रक शनिवारी रात्रीच बघून ठेवा. हार्बरवाल्यांनी जरा लवकर निघावं.

आलेले सातही खर्डे मी वाचले. बहुतेकांत भूत पहिल्याच पानावर येतं. कळकळीची विनंती, आधी थंडी येऊ द्या. फेब्रुवारी १९८५ मध्ये सोव्हिएत 'सल्यूत ७' स्थानक मुकं झालं. जूनमध्ये व्लादिमीर झानिबेकोव आणि व्हिक्टर साविनिख 'सोयुझ टी-१३'मधून तिथे पोचले आणि भरकटत्या स्थानकाला त्यांनी स्वतः हाताने चालवून यान जोडलं. आत मिट्ट काळोख, भिंतींवर हिमकण, नळ्यांमध्ये गोठलेलं पाणी. पंखे बंद, त्यामुळे आपल्याच उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड तोंडाभोवती साचणार. वजनरहित अवस्थेत गरम हवा वर जातच नाही ना! आणि कारण केवढंसं? बॅटऱ्यांचं चार्जिंग मोजणारा एक सेन्सर बिघडला, सौरपट्ट्यांची वीज बॅटऱ्यांपर्यंत पोचेना. दोघांनी कानटोप्या घालून, गारठल्या हातांनी तारा जोडल्या आणि स्थानक जिवंत केलं. कथेतली भीती अशा तपशिलांतून येऊ द्या.

कथा दीड हजार शब्दांच्या आत, दोन छापील प्रती आणा. वाचणाऱ्यांनी शुक्रवार रात्रीपर्यंत मला नाव कळवावं. डबा नको, वडापाव सांगितलाय.