आठ किलोमीटरसाठी मोठे टायर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वळवाचे दोन सडाके पडले की आमच्या खानापूर तालुक्यात लोक कौलं चाळायला घेतात आणि पोरं जीपगाड्यांना मोठे टायर घालायला घेतात. यंदाही दोघांनी मला वाटेत गाठलं, ''मामा, ३१ इंची घालू की ३३ इंची?'' तोंडी सांगितलं तर कोणी ऐकत नाही, छापून आलं तर निदान वाचतील, म्हणून हे पत्र.

माझी गाडी २०१२ सालची डिझेल थार, फोर बाय फोर. घर जांबोटीच्या पुढे, चोर्ल्याच्या रस्त्यापासून चार किलोमीटर आत. उद्यमबागेत लेथचं छोटं वर्कशॉप आहे. रोज जाऊन-येऊन ७५ किलोमीटर पडतात, त्यातले कच्चे जेमतेम ८. हे आठ आणि पंचाहत्तर आकडे मी तेव्हा समोरासमोर ठेवले असते तर पुढचं काही घडलं नसतं.

तीन वर्षांमागं मे महिन्यात एका दुकानात गेलो. गाडीचं मूळ माप २३५/७० आर १६. दुकानदारानं २६५/७५ आर १६ दाखवला. म्हटलं, घासणार नाही ना? ''काय बी होत नाही वो सावकार, सगळी हेच घालुलालेत.'' झालं, घातले. तेही चारच. पाचव्याला पैसे पुरेनात, म्हणून स्टेपनी जुनीच ठेवली.

टायरवरच्या मापाचा अर्थ सोपा आहे. पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या किती टक्के, शेवटचा रिमचा व्यास इंचात. गुणाकार करून बघा. मूळ टायर ७३५ मिलिमीटर उंच, नवा ८०४. वर्कशॉपमध्ये दोन शतांश मिलिमीटर इकडं-तिकडं झालं तर माल परत येतो. तिथं डोळ्यांत तेल घालून बसणारा मी, स्वतःच्या गाडीला ६९ मिलिमीटरचा फरक करून हसत-हसत घरी आलो.

फायदा काय झाला, तेही सांगतो. व्यास वाढला त्याच्या निम्मी गाडी उचलते, म्हणजे ३४ मिलिमीटर, दोन बोटं. स्प्रिंगा बदलून नुसती बॉडी वर केली तर मागच्या अ‍ॅक्सलचा गोळा, म्हणजे डिफरन्शियलचं घर, होता तिथंच राहतो. तो उचलायचा तर टायरच मोठे पाहिजेत, हे खरं आहे. आमच्या वाटेवरचा एक धोंडा पूर्वी त्या गोळ्याला लागायचा, तो लागायचा बंद झाला. एक धोंडा. पहारीनं तो अर्ध्या तासात निघाला असता.

आता बाकीचं. पहिल्याच दिवशी टिळकवाडीत रेल्वे गेटाजवळ स्टेअरिंग पूर्ण वळवलं तर आतून 'खर्रर्र'. मी खाली उतरून बघतोय आणि मागं हॉर्नची रांग. टायर आतल्या प्लॅस्टिकला घासत होता. ते प्लॅस्टिक कापलं. मग टायर मडगार्डच्या बाहेर आला असल्यानं खडी उडायला लागली. एक खडा पाठीमागच्या रिक्षाच्या काचेवर बसला. काच मी भरून दिली, शिव्या वेगळ्या. आईला बेळगावला दवाखान्यात न्यायचं असतं. ती दारातच म्हणाली, ''ही गाडी हाय की माळा?'' तेव्हापासून गाडीत लाकडी पाट ठेवावा लागला.

मीटरची गंमत वेगळीच. हायवेवरचे किलोमीटरचे दगड मोजत गेलो. वीस दगड झाले, मीटरवर १८.३. टायर मोठा झाला की एका फेऱ्यात गाडी जास्त जाते, मीटर मात्र फेरेच मोजतो. काटा ६० वर असतो तेव्हा गाडी ६५ च्या वर पळत असते. ॲव्हरेजचं भांडणही यातूनच. पूर्वी १३ मिळायचं, मोठ्या टायरवर साडेदहा दिसायला लागलं. पण मीटरची चूक धरली तर खरं साडेअकरा पडतं. म्हणजे दीड किलोमीटर टायरनं खाल्ला आणि एक मीटरनं चोरला. जे म्हणतात ॲव्हरेज फार पडलं आणि जे म्हणतात काहीच पडलं नाही, दोघांनीही आधी दगड मोजावेत.

टायर भात मोजायच्या काट्यावर ठेवून बघितला, एकेक जुन्यापेक्षा साडेपाच किलो जड. हे वजन टपावर ठेवलेल्या पोत्यासारखं नाही, ते फिरतं आणि परिघाकडं असतं. सुटताना इंजिनाला ते फिरवावं लागतं, थांबताना ब्रेकला अडवावं लागतं. चोर्ल्याचा जो चढ तिसऱ्या गिअरवर निघायचा, तो दुसऱ्यावर काढायला लागलो. ओल्या डांबरावर पुढची बस थांबली की पूर्वीपेक्षा लवकर पाय दाबावा लागायचा. हे पायालाच कळतं, कागदावर सांगता येत नाही.

आणि ज्या चिखलासाठी हा सगळा खटाटोप? आषाढात एका रात्री मागचं डावं चाक पंक्चर झालं. स्टेपनी लावली. म्हणजे मागच्या एकाच अ‍ॅक्सलवर एक चाक ८०४ चं, दुसरं ७३५ चं. लहान चाकाला जास्त फेरे मारावे लागतात आणि तो फरक डिफरन्शियल (दोन्ही चाकांना वेगवेगळे फेरे घेऊ देणारी गिअरांची जोडणी) सगळा वेळ सोसत राहतं. फोर बाय फोर लावायला हात धजेना, कारण या गाडीत पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलमधला फरक गिळायची सोयच नाही. मग फोर बाय फोर असून फोर बाय टूवर, म्हणजे नुसत्या मागच्या दोन चाकांवर, घराच्या चढावर तांबड्या मातीत रुतलो. रुंद टायर राडीवरून तरंगल्यागत घसरत होता, खालच्या घट्ट जमिनीपर्यंत पोचतच नव्हता. शेजारच्यांनी ट्रॅक्टर आणला. दोर बांधता-बांधता त्यांनी विचारलं, ''हवा किती हाय?'' मी म्हटलं तीस. ''मग सोड की थोडी.''

वीसवर आणली. दोर तसाच सैल राहिला आणि गाडी आपल्या पायांनी वर आली.

गणपतीच्या आत मी मूळ मापावर परत आलो. २३५/७० आर १६ च, पण नक्षी ऑल-टेरेनची, म्हणजे डांबर आणि कच्चा दोन्हीला चालणारी, आणि या वेळी पाचही सारखे. चिखलासाठीचे पूर्ण मड-टेरेन मुद्दाम घेतले नाहीत. त्यांच्या गठ्ठ्यांमध्ये मोकळी जागा जास्त, म्हणजे डांबराला टेकणारं रबर कमी, आणि पावसाळ्यात माझे ६७ किलोमीटर ओल्या डांबरावरच जातात. सीटखाली बारा व्होल्टचा कॉम्प्रेसर असतो. कच्च्यावर उतरताना वीस, डांबरावर चढायच्या आधी पुन्हा तीस. कमी हवेवर डांबरावर पळवला तर टायरची बाजू तापते, हे विसरू नये. घेताना बाजूवरचे चार आकडेही वाचा. २३२४ असेल तर २०२४ च्या तेविसाव्या आठवड्यातला माल. नव्याच्या भावात जुना माल खपवतात.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करू देत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही ते ठामपणे सांगितलं. वाटेत कोणी टेप लावून टायर मोजत नाही, पण अपघातानंतर विमावाले मोजू शकतात.

कणकुंबी, आमगाव भागातल्या पोरांचं म्हणणं मला ठाऊक आहे. ''मामा, तुमचे आठ किलोमीटर, आमचा सगळाच रस्ता तसला.'' बरोबर आहे. ज्याचा दिवस खरोखर धोंड्यांतून जातो त्यानं एक पायरी मोठं माप जरूर बघावं, पण पाचही टायर घ्यावेत, स्टेअरिंग दोन्हीकडं पूर्ण वळवून घासतंय का बघावं आणि मडफ्लॅप लावावेत. बाकी शनिवार-रविवारी गोव्याला जाणाऱ्या आणि एरवी कॉलेज रोडला पार्क होणाऱ्या ३३ इंचांबद्दल मी काय बोलू?

माझे ते चार टायर नंदगडच्या एका पोरानं निम्म्या किमतीत नेले. त्याला हे सगळं सांगितलं होतं. तो म्हणाला, ''होय मामा, पण दिसतंय किती भारी!'' परवा खानापुरात भेटला. टायर घासतंय म्हणून प्लॅस्टिक कुठनं कापायचं, ते विचारत होता.

आपला,
एक थारवाला
जांबोटी भाग, ता. खानापूर, जि. बेळगाव